बाबांची पद्मिनी



मी भिलाईचा. जन्म सेक्टर ९ च्या इस्पितळातला. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि छत्तीसगढी. बाबा वर्ध्याहून इथल्या पोलाद कारखान्यात आले १९६४ साली, पहिली झोतभट्टी सुरू होऊन पाच वर्षं झाली होती तेव्हा. १९८६ मध्ये त्यांनी गाडी घेतली. पांढरी प्रीमियर पद्मिनी, स्टेअरिंगला हँडगिअर. दर उन्हाळ्यात आम्ही चौघं तिच्यातून राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा, नागपूर करत वर्ध्याला जायचो.

२०१३ साली बाबा गेले आणि गाडी नेहरूनगरच्या घरातल्या शेडमध्ये उभी राहिली. अकरा वर्षं. भंगारवाल्याने बावीस हजार सांगितले. पुण्याहून दादा म्हणाला, देऊन टाक, जागा तरी मोकळी होईल. आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती शेडमध्ये ओल्या फडक्याने गाडीची काच पुसत होती. मग मी भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

आणि पहिल्याच रविवारी मूर्खपणा केला. नवी बॅटरी आणली, टाकीत होतं त्या पेट्रोलवरच पाच लिटर नवं ओतलं आणि चावी फिरवली. बऱ्याच खटपटीनंतर इंजिन लागलं! दहा मिनिटं चालवलं, व्हिडिओ काढून दादाला पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चावी फिरवली तर आतून खडखड. दोन पुशरॉड वाकले होते.

असं का होतं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी शेडमध्ये अशी गाडी असणार. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पेट्रोलचा डिंक होतो. इंजिन तापलेलं असताना तो पातळ राहतो, थंड झालं की व्हॉल्व्हच्या दांडीवर घट्ट बसतो. व्हॉल्व्ह अडकतो, पण खालून कॅमशाफ्ट ढकलतच असतो. मधली बारीक दांडी बिचारी वाकते. म्हणजे इंजिन अकरा वर्षं उभं राहून बिघडलं नव्हतं, ते मी दहा मिनिटं चालवून बिघडवलं.

मग सुपेल्यातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. साठी उलटलेली, हात फियाटवरच बसलेला. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. ब्रेकचं पेडल दाबून बघितलं आणि म्हणाले, "इंजन तो आखिर में देखते हैं, भैया. पहले रुकने का इंतजाम करो."

पेडल मला चांगलं कडक लागत होतं. तिथेच माणूस फसतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. ड्रम उघडले तर मागचा एक व्हील सिलेंडर गंजून बसलेला, दुसऱ्याची रबरं मऊ होऊन सुटलेली. होजपाइप बाहेरून ठणठणीत, आतून सुजून भोक बुजलेलं. असा पाइप असला की ब्रेक लागतो पण सुटत नाही. मी त्या रविवारी ही गाडी जी. ई. रोडवर काढणार होतो, आईला शेजारी बसवून. मिस्त्री काम करत होते आणि मी नुसता त्या सिलेंडरकडे बघत बसलो होतो.

ब्रेकचं सगळं नवं बसवलं. टाकी उतरवून धुतली, तळाशी गंजाचा चिखल होता. कार्ब्युरेटर उघडून साफ केला, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही त्याला टिकतील अशाच घेतल्या. टायरची नक्षी नवी दिसत होती, पण कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमचे २०१० चे निघाले. पाचही फेकले.

इंजिनचा नंबर शेवटी. हेड उतरवून व्हॉल्व्ह साफ केले, पुशरॉड बदलले. प्लगच्या भोकांतून चमचा-चमचा ऑइल सोडून दोन दिवस ठेवलं, मग आधी हाताने फिरवलं. सुटे भाग मुंबईहून मागवले, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. ही गाडी बनायचीही कुर्ल्यातच. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या, त्यामुळे भाग अजून मिळतात.

राहिले कागद. लोक विचारतात, व्हिंटेज नंबर घेतलास का? त्याला गाडी पन्नास वर्षांवरची लागते, आणि तो नंबर रोजच्या वापरासाठी नसतो. आपल्याला साधं नूतनीकरण करायचं होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आमचं २०१६ मध्येच संपलेलं. पण त्याआधी गाडी बाबांच्या नावावरून माझ्या नावावर व्हायला हवी. मालक वारल्यावर त्यासाठी फॉर्म ३१ असतो, आणि सोबत बाकी वारसांची संमती. म्हणजे दादाची सही.

मला वाटलं, कुरिअरने पाठवेल. तो स्वतः आला. शेडमध्ये गेला, ड्रायव्हरच्या सीटवर बसला, हँडगिअर उगाच वरखाली करत राहिला. अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाला, "कुठे करू सही?" पुशरॉडचे पैसे त्याने दिले. मी नको म्हटलं नाही.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी पहिल्यांदा ब्रेकच मारायला लावला.

यंदा फेब्रुवारीत आईला घेऊन वर्ध्याला निघालो. ती एकोणऐंशीची आहे. पुढे बसली, पर्स मांडीवर. साठच्या वर मी गेलो नाही, मागचे ट्रक हॉर्न मारून पुढे जात होते. देवरीला चहाला थांबलो तर आई म्हणाली, "इथं तुझे बाबा बॉनेट उघडायचे."

"कशाला? गाडी तापायची का?"

"नाही रे. उगाच. पाणी बघायचे."

मी उतरून बॉनेट उघडलं. पाणी भरलेलं होतं. तरी टपरीवरून एक तांब्या मागून घेतला.