‘स्त्री’ या शब्दात कोण कोण सामावते?

काशीचा अमृतराव घाट आज राजा घाट या नावाने ओळखला जातो. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव उत्तरायुष्यात काशीस येऊन राहिले. घाटाला दगडी रूप त्यांनी दिले आणि ब्राह्मणांसाठी अन्नछत्रही घातले. मराठी मुलखातून काशीवासासाठी येणाऱ्यांत विधवांची संख्या लहान नव्हती. केशवपन झालेली, घरादाराला पारखी झालेली ही स्त्री एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या डोळ्यांसमोर सतत उभी होती. स्त्रीप्रश्न म्हणजे तिचा प्रश्न, असे समीकरणच बनले. पंडिता रमाबाईंच्या १८८७ मधील इंग्रजी ग्रंथाच्या नावातच ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ आहे.

तिचे दुःख खरे होते. परंतु श्रोतेहो, १८५५ मध्येच ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला होता. फुले दांपत्याच्या शिक्षणकार्यातून पुढे आलेल्या, अवघ्या चौदा वर्षांच्या या मुलीने थंडीपावसात, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांची वेदना मांडली. त्या बाळंतिणीचे दुःख पुनर्विवाहाच्या कायद्याने हलके होणारे नव्हते. ब्राह्मणेतर जातींपैकी अनेकींत पाटाची चाल पूर्वापार होतीच. तिला हवा होता निवारा, पाणी आणि माणूस म्हणून मान.

पुढे १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. माळी समाजातील सावित्रीबाई तेथे ब्राह्मण विधवांची बाळंतपणे करीत. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. भगिनीभाव या दिशेने सहज वाहिला. उलट दिशेने वाहायला मात्र फार काळ लागला.

अमेरिकेतही १८५१ मध्ये ॲक्रन येथील स्त्रीहक्क परिषदेत, एके काळी गुलाम असलेल्या सोजर्नर ट्रुथ बोलल्या, तेव्हा गोऱ्या भगिनींना आपल्या ‘स्त्री’च्या कल्पनेत कष्टकरी काळी स्त्री बसते का, हे तपासावे लागले. तेथे वर्ण, येथे जात. ही तुलना तंतोतंत जुळणारी नाही. जात कातडीवर दिसत नाही, ती पाणवठ्यावर आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर दिसते.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित स्त्रियांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वावर बंदी, गिरणीकामगार स्त्रियांच्या रजा, अशा मागण्या तेथे झाल्या. म्हणजे घराचा आणि कारखान्याचा प्रश्न त्यांनी एकाच सभेत मांडला. तरीही आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा हा वारसा उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात एकत्र आणला, तो १९८९ मध्ये.

१९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया निराळे बोलतात, हे ठामपणे मांडले. त्यावर १९९८ मध्ये पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी दिलेले उत्तर अधिक अवघड आहे. निराळेपण मान्य करून दलित स्त्रीला एका कोपऱ्यात जागा देणे त्यांना पुरेसे वाटले नाही. दलितेतर स्त्रीवाद्यांनी तिच्या अनुभवाच्या आधारे स्वतःचा विचारच नव्याने घडवावा, अशी त्यांची मागणी होती.