हंगामाआधीचे काम

(रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात अजिंठा-वेरूळच्या गाईडांच्या वतीने झालेले भाषण)



आम्ही अजिंठा-वेरूळला दहा-बारा जणांचे लहान गट घेऊन फिरणारे गाईड आहोत. आपला आमचा संबंध तसा जुनाच. आमचे प्रवासी आपल्या गाडीने येतात. आणि १९४९ साली टपाल खात्याने जी तिकीटमालिका काढली, तिच्यातील ३ पैच्या, सर्वांत स्वस्त तिकिटावर अजिंठ्याचे शिल्प होते. म्हणजे अजिंठा गावोगाव पोचवण्याचे काम आमच्याआधी पोस्टमनने केले आहे.

आमचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. पावसाळ्यात धबधबे पाहायला गर्दी लोटते, पण ती सहसा गाईड घेत नाही. लोकांना वाटते, या दिवसांत आम्ही मोकळे असतो. मोकळे असतो ते मजुरीपासून, कामापासून नव्हे.

ते काम कोणते, ते सांगतो. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ असा कार्यक्रम कोणी छापला, की प्रवाशांचे दोन्ही दिवस फाटकाबाहेर जातात. तोच उलटा केला, की दोन्ही दिवस सार्थकी लागतात. म्हणून सप्टेंबरात आम्ही येणाऱ्या गटांचे कार्यक्रम आणि गाड्यांच्या वेळा समोर ठेवून एकेक वार तपासतो. गाडी तीन तास उशिरा आली तर काय गाळायचे, तेही आधीच ठरवतो. शहरापासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १००. वेरूळला वेळ कमी पडला, तरी ३४ लेण्यांपैकी बौद्धांचे १० वे, हिंदूंचे १६ वे म्हणजे कैलास आणि जैनांचे ३२ वे, एवढी तरी दाखवायचीच. अजिंठ्याच्या चढाला कोणाला डोली लागेल, कोणाची औषधे कधी, हे गट येण्याआधी विचारून घ्यायचे.

मग बोलण्याची तयारी. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत उजेड मंद असतो, फ्लॅशला बंदी असते. माणसांच्या श्वासातली वाफ चित्रांना बाधते. म्हणून सांगायचे ते बाहेर सांगून घ्यावे आणि आत शांतपणे पाहू द्यावे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी कोठे उभे राहून पाहायचा, १७ व्या लेण्यातील जातककथा कोणत्या भिंतीवर आहेत, हे दाराबाहेरच समजावून द्यावे लागते. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते. नव्या पोरांना आम्ही पावसाळ्यात बरोबर नेऊन हेच शिकवतो. परदेशी भाषा बोलणाऱ्यांच्या जिभेवर सहा महिन्यांत गंज चढतो. ते एकमेकांना प्रश्न विचारून तो काढतात.

या साऱ्याला दाम नाही. आम्हांला प्रॉव्हिडंट फंड नाही, पगारी रजा नाही. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली, ती डिसेंबरपर्यंत उघडली नाहीत. आमच्यातल्या काहींनी भाजीच्या गाड्या लावल्या, काही परत या धंद्यात आलेच नाहीत. त्यांची वीस-वीस वर्षांची माहिती त्यांच्याबरोबर गेली.

आणि एक गोष्ट लाज वाटली तरी सांगितली पाहिजे. पोट रिकामे असले, की गाईडचे पाय दुकानाकडे वळतात, कारण तिथे कमिशन मिळते. गेल्या हिवाळ्यात एका गटातील निवृत्त बाईंनी आम्हांला विचारले, ‘‘अहो, कैलास लेण्यात चाळीस मिनिटे आणि साड्यांच्या दुकानात दीड तास, हे कसे?’’ कार्यक्रम एका प्रवासी कंपनीने आखलेला होता, पण दुकानाच्या दारात बस थांबवली ती आम्हीच. आम्हांला उत्तर देता आले नाही.

म्हणून या हंगामापूर्वी आम्ही बसून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, दर एकच. कोणी तो पाडायचा नाही. दुसरी, पाळी. आपल्या रनिंग स्टाफच्या रोस्टरसारखी आम्हीही यादी केली आहे. ज्याचा गट गेला, तो यादीच्या शेवटी, आणि लागोपाठ तीन दिवस कोणीही चढ चढायचा नाही. तिसरी, बचत. पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव आम्हांला जमत नसे, कारण हप्ता बारा महिने भरायचा आणि कमाई सहाच महिने. चार हप्ते चुकले की खाते खंडित होते. आपल्यातल्याच एका टपाल बंधूने खिडकीवर समजावले, की हप्ते आगाऊही भरता येतात, आणि सहा किंवा अधिक एकदम भरले तर थोडी सूटही मिळते. आता हंगामातच पावसाळ्याचे हप्ते भरायचे, असे ठरले आहे. दुकानाचे कमिशन सोडायचे, तर पावसाळ्यातली चूल आधी पेटती राहिली पाहिजे. हे दोन्ही एकाच वेळी होईल, तरच टिकेल.

आपल्याकडे मागणे एवढेच. पासावर किंवा एल.टी.सी. घेऊन या, पण वार पाहून या. परवाना असलेला गाईड मागा, दर आधी ठरवा, आणि बसमध्ये बसतानाच स्पष्ट सांगा, की दुकान नको. आपण एवढे म्हणालात, तर आमच्यातल्या डळमळणाऱ्या माणसालाही नाही म्हणण्याचे बळ येईल. आणि पतपेढ्या चालवण्याचा आपला अनुभव मोठा आहे. आमची अजून कागदावरसुद्धा नाही. कोणी चार गोष्टी शिकवायला आले, तर आमचा पुढचा पावसाळा रिकामा जाणार नाही.