बाळाची कावीळ आणि उजेडाचा प्रश्न



बाळंतिणीची खोली म्हणून जी अंधारी, दारेखिडक्या लावलेली, शेगडीच्या धुराने कोंदलेली जागा राखून ठेवण्याची वहिवाट आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली, तिच्याविरुद्ध माझी मुख्य तक्रार धुराची नसून, त्या खोलीत बाळ धड दिसत नाही, ही आहे. नवजात अर्भकाची कावीळ प्रथम डोळ्यांनाच कळते. आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात, त्यातून अंगाला हळदीचे उटणे लावलेले असले म्हणजे, ती अनुभवी दृष्टीलाही हुलकावणी देते. बाळाला सकाळी खिडकीपाशी न्यावे, कपाळावर वा छातीवर बोटाने हलकेच दाबावे, आणि बोट उचलताच कातडीचा रंग पाहावा.

ही कावीळ बहुधा निरुपद्रवी असते. गर्भावस्थेत अवश्य असलेला तांबड्या पेशींचा मोठा साठा जन्मानंतर मोडीत निघतो आणि त्यातून उत्पन्न होणाऱ्या पित्तरंजकाचा निकाल लावण्याचे काम कोवळ्या यकृताच्या दप्तरी तुंबून राहते; म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळा झालेला चेहरा आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप निवळतो. परंतु पिवळेपणा पहिल्या 24 तासांतच दिसला, तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ दूध ओढीनासे होऊन मलूल पडले, तर इस्पितळ गाठण्यास घटकेचाही विलंब करू नये, कारण पित्तरंजक मेंदूत शिरले की झालेली हानी भरून येत नाही. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली आणि शौच पांढुरके होऊ लागले, तर पित्तनलिका बंद असल्याचा संशय धरावा. त्यावरची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झालेली बरी.

नेहमीच्या काविळीवरील इलाजाचा शोध मात्र एका परिचारिकेच्या नजरेतून लागला. इंग्लंडात एसेक्स परगण्यातील रॉचफर्डच्या इस्पितळात 1956 च्या उन्हाळ्यात सिस्टर वॉर्ड नावाच्या बाई अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना अंगणातील उन्हात नेत असत. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना उघडे करून दाखविलेल्या बाळाचे अंग बरेच निवळलेले होते, पण त्यावर एक गडद पिवळा त्रिकोण उरला होता. हा रंग कशाने फासला, अशी पृच्छा झाली तेव्हा उलगडा झाला की, चादरीचे टोक पडल्यामुळे तेवढ्या जागी ऊन पोहोचलेच नव्हते! पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही पित्तरंजक घटलेले आढळले, आणि 1958 साली क्रेमर प्रभृतींनी प्रकाशोपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

यावरून बाळाला गच्चीवर नेऊन कोवळ्या उन्हाच्या भरवशावर स्वस्थ बसावे, असा अर्थ कोणी काढील तर तो अनर्थ होय. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडे बाळ गारठते किंवा भाजते, आणि मोलाचा वेळ निघून जातो. इस्पितळातील निळा प्रकाश मोजून दिलेला असतो. त्याखाली डोळे झाकून ठेवलेल्या बाळालाही दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजावेच लागते. प्रकाशाने रूप पालटलेले पित्तरंजक बाहेर पडते ते अखेर शौच-लघवीच्या वाटेनेच.