पेटीवरचा आकडा आणि आतली तार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषयाचे नाव विचारले, तेव्हा ‘हौशी माणसाने नेटवर्कच्या यंत्रसामग्रीविषयीचे आपले ज्ञान ताजे कसे ठेवावे’ असे मी त्यांना कळवले. एवढे नाव फलकावर मावणार नाही, असे त्यांचे उत्तर आले. मग मी ‘शिळे ज्ञान’ असे सुचवले. त्यात त्यांना श्रोत्यांचा अपमान दिसला. वास्तविक अपमान कोणाचा असलाच तर तो माझा होता. तो कसा, हेच आज मला सांगावयाचे आहे.

मी अभियंता नव्हे. बँकेत खातेवह्या लिहून निवृत्त झालेला मनुष्य आहे. १९९०च्या दशकात आमच्या शाखेत संगणक आले, ते एका काळ्या केबलने एकमेकांना जोडलेले असत. टीव्हीच्या अँटेनाची असते तशी ती केबल एका यंत्राच्या पाठीतून दुसऱ्याच्या पाठीत अशी शाखाभर फिरे आणि तिच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे एकेक टोपण बसवावे लागे. केर काढताना एखादे टोपण निसटले की सारी शाखा मुकी होई, आणि काउंटरवरचे लोक मात्र बोलू लागत! टोपण कोठे निसटले हे शोधून काढणारा मनुष्य म्हणून मला थोडी प्रतिष्ठा मिळाली, आणि तेथपासून हा नाद लागला तो लागलाच. पुढे आठ तारांची केबल आली. तिच्या तारा रंगांच्या क्रमाने लावून टोकाला प्लग दाबून बसवायला मी शिकलो. २००० सालच्या सुमारास या विषयात आपल्याला न येणारे फारसे काही उरलेले नाही, अशी माझी समजूत झाली होती.

आता ती गोष्ट सांगतो. २०१९ साली आमच्या गृहनिर्माण संस्थेने आवारात कॅमेरे बसवायचे ठरवले. केबल कोणती घ्यावी हे अर्थातच मला विचारण्यात आले. मी ‘कॅट-सिक्स’ असे सांगितले, दुकानातून आलेल्या गुंडाळीवरची अक्षरे चष्मा लावून वाचली, आणि पसंती दिली. प्रत्येक कॅमेऱ्याला निराळा विजेचा पॉइंट नको म्हणून त्याच केबलमधल्या रिकाम्या तारांतून बारा व्होल्टची वीज पाठवण्याची स्वस्त व्यवस्था कंत्राटदाराने सुचवली. त्यालाही मी मान हलवली.

दोन महिन्यांनी तक्रार सुरू झाली. फाटकाजवळचे, म्हणजे सर्वांत लांबचे, दोन कॅमेरे दिवसा ठीक चालत आणि रात्री बंद पडत. सकाळी पुन्हा चालू! याचा अर्थ कमिटीने तत्काळ लावला: रात्रपाळीचा वॉचमन झोप काढण्यासाठी प्लग काढून ठेवत असला पाहिजे. अशातच एका रात्री आवारातून एक स्कूटर गेली. वॉचमनला महिनाअखेरीस काढून टाकावे असे ठरत आले. तेव्हा कोणीतरी विचारले, “काका, केबलमध्ये काही दोष असेल का?” आणि मी, सभ्य गृहस्थहो, मोठ्या अधिकाराने सांगितले की, तार कॅट-सिक्स आहे, माझ्या डोळ्यांदेखत घातली आहे, तिच्यात दोष असणे शक्य नाही. त्या माणसाविरुद्ध खरी साक्ष ती काय ती माझीच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला फाटकाशी थांबवले. म्हणाला, “साहेब, जरा उभे राहा. अंधार पडला की कॅमेऱ्यात बारीक लाल ठिपके दिसतात, आणि ते दिसले की तो मरतो. मग जिवंत होतो, ठिपके दिसतात, परत मरतो.” मी उभा राहिलो. तो म्हणत होता तसेच घडले. या विषयातले एकही पुस्तक न वाचलेल्या माणसाने जे नीट पाहिले होते, ते मी पाहिलेच नव्हते.

कारण अगदी साधे होते. अंधारात दिसावे म्हणून असल्या कॅमेऱ्यात अवरक्त दिवे असतात. ते लागले की त्याची विजेची भूक जवळजवळ दुप्पट होते, आणि ती तार तेवढी वीज पोचवू शकत नव्हती. मी घरी येऊन उरलेल्या तुकड्याची एक तार चाकूने खरवडली. वरचा तांबडा मुलामा गेला आणि आतून पांढरी धातू निघाली. ते ॲल्युमिनियम होते! ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. शिवाय कॅट-सिक्सच्या मानकाप्रमाणे तार तांब्याचीच असावी लागते. तेव्हा केबलवरची अक्षरे मी वाचली होती ती खोटीच होती. गुंडाळी उचलून पाहिली असती तरी संशय यावयास हवा होता, कारण ॲल्युमिनियमचे वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी भरते.

पण मला याहून अधिक लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. केबलमधून वीज पाठवण्याचे रीतसर मानक २००३ साली झाले, त्यात पंधरा वॅटची सोय होती. २००९ मध्ये ती तीस वॅटवर गेली आणि २०१८ मध्ये नव्वद वॅटवर. या तिन्ही बातम्या मी ज्या त्या वेळी वाचलेल्या होत्या. नव्वद वॅटची बातमी तर कॅमेरे बसवण्याच्या आदल्याच वर्षीची, आणि ती मी चार जणांना उत्साहाने सांगितलीही होती. मात्र तारेविषयीचे माझे ज्ञान बँकेतल्या दिवसांचे राहिले. तेव्हा तार फक्त संदेश वाही, आणि थोड्या अंतरावर संदेशाला ॲल्युमिनियमही चालून जाते. तार वीज वाहू लागली त्या दिवशी तारेचा धर्मच बदलला, आणि ती कशाची आहे हा प्रश्न पहिला झाला. बातमी माझ्या डोक्याच्या एका खणात पडून होती आणि तार दुसऱ्या खणात. दोहोंची गाठ मी कधी घालूनच दिली नाही.

मानकातली वीज अठ्ठेचाळीस व्होल्टच्या आसपास का असते, हेही मग मला उमगले. कोयनेची वीज मुंबईकडे उच्च दाबाने का नेतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. दाब चौपट केला की तेवढ्याच कामाला प्रवाह चौथाई पुरतो, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज सोळावा हिस्सा होते. कोयनेचे जे गणित तेच फाटकाच्या कॅमेऱ्याचे. कंत्राटदाराच्या बारा व्होल्टऐवजी मानकाची व्यवस्था घेतली असती, तर त्या लबाड तारेनेही कदाचित निभावून नेले असते.

पुढच्या सभेत मी तो खरवडलेला तुकडा घेऊन गेलो आणि झाले ते सांगितले. वॉचमनला काढण्याचा विचार सोडून देण्यात आला. मी त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “ते ठीक, साहेब. पण स्कूटर?” स्कूटर काही सापडली नाही.

या प्रकारानंतर मी या नादाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. एरवी हौशी माणूस ताजा राहतो म्हणजे काय करतो? नव्या पेटीवरचा मोठा आकडा पाठ करतो. या आकड्यांची एक गंमत सांगतो. बाजारात पुष्कळ वर्षे ‘बाराशे’ असे मिरवणारे वाय-फाय राउटर विकले गेले. हे बाराशे म्हणजे एका पट्ट्यातले तीनशे आणि दुसऱ्यातले आठशे सदुसष्ट यांची बेरीज करून वर पूर्णांकाला नेलेला आकडा! आपला फोन एका वेळी बहुधा एकाच पट्ट्यात बोलतो. बरे, त्यांतल्या कित्येक पेट्यांच्या पाठीमागे बाहेरची तार लावण्याचे जे भोक, त्याचा वेग होता शंभर. म्हणजे हौद बाराशे लिटरचा आणि त्यात येणारी नळी करंगळीएवढी. दर्शनी आकड्यापेक्षा पाठीमागच्या भोकांची माहिती आधी वाचावी, ही सवय मला तेव्हा लागली, आणि तिने माझे व शेजाऱ्यांचे बरेच पैसे वाचवले आहेत.

घाईनेही फारसे काही साधत नाही. वाय-फाय सातच्या पेट्या २०२३ सालीच दुकानांत आल्या होत्या, त्यांच्या प्रमाणपत्राची योजना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, आणि मूळ मानक छापून आले ते २०२५ मध्ये. ज्याने दोन वर्षे वाट पाहिली तो मागासलेला ठरला असे मला वाटत नाही. ही मानके कोणालाही वाचता येतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. आयट्रिपलई ही संस्था नेटवर्कची आपली मानके प्रसिद्धीनंतर काही काळाने विनामूल्य उतरवून घेऊ देते. हजारो पानांचा तो ग्रंथ सगळा वाचण्याची माझी छाती नाही. पण त्यातले व्याख्यांचे प्रकरण आणि एखादा तक्ता वाचला, तरी जाहिरात कोठे सांधा मारते ते कळू लागते.

आता, जुने सगळेच शिळे होते असे नाही. मुरलेले आणि शिळे यांत फरक आहे, हे लोणचे घालणाऱ्या घरात वेगळे सांगावयास नको. इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये एका टिपणात मांडली. तिची प्रेरणा होती हवाई बेटांवरची अलोहा नावाची रेडिओची योजना. तेथे सर्वांचे बोलणे एकाच हवेतून जाई, दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाई, आणि मग थोडे थांबून पुन्हा बोलावे लागे. मेटकाफ यांनी हवेच्या जागी केबल घातली. आमच्या शाखेतली काळी केबल ती हीच. पुढे स्विच आला आणि प्रत्येकाला स्वतंत्र वाट मिळाली, तेव्हा थांबण्याचे कारण संपले. पण वाय-फायने पुन्हा तारेच्या जागी हवा आणली, आणि एकाने बोलावे, बाकीच्यांनी थांबावे हा जुना नियम घराघरांत परत आला. घरात दहा यंत्रे असली की वेग का बसतो, हे मला नव्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. काळ्या केबलने ते शिकवूनच ठेवले होते. इथरनेटच्या एका चौकटीत पंधराशे बाइट मजकूर मावतो, हा १९८० सालचा नियमही घरगुती जाळ्यांत आजवर टिकून आहे. वेग हजारपट वाढला, तरी पाकिटाचे माप तेच!

स्विचचा विषय निघालाच आहे, तर एक आडगोष्ट. पुष्कळ तोंडांचा पहिला इथरनेट स्विच १९९०च्या सुमारास ज्या अमेरिकन कंपनीने काढला, तिचे नाव होते ‘कल्पना’. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे, आणि कंपनीला नाव दिले होते त्यांच्या पत्नीचे. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली. त्या स्विचला तोंडे होती अवघी सात. आज आपल्या बोळातल्या दुकानात आठ तोंडांचा स्विच मिळतो, आणि त्याला कोणी नाव विचारत नाही.

ताजे राहण्याची माझी खरी प्रयोगशाळा म्हणजे जुना बाजार. भंगारवाल्याकडून शेदोनशे रुपयांत एखादा टाकून दिलेला राउटर आणावा, स्क्रू काढावेत, आतल्या चिपेवरचा क्रमांक भिंगाने वाचावा. ओपनडब्ल्यूआरटी नावाची एक मुक्त प्रणाली आहे. तिचा उगम २००३ मध्ये एका राउटरचा मूळ संगणकलेख खुला झाला त्यात आहे. ती त्या यंत्रात बसते का, ते तिच्या यादीत पाहावे. चार मेगाबाइटची साठवण असलेल्या यंत्रात आता ती नीट मावत नाही, हे मी तीन राउटर निकामी करून शिकलो. घरच्या मंडळींना हा पसारा पसंत नाही. त्यांचे म्हणणे मी लेखी मान्य केलेले आहे.

या राउटर उघडण्याने एक गोष्ट मनावर ठसली. ती डबी म्हणजे पुरता संगणक आहे. त्यालाही प्रणाली आहे, तिच्यातही भोके पडतात, आणि बनवणारा ती बुजवायचे एका दिवशी थांबवतो. २०१६ साली मिराई नावाच्या उपद्रवी प्रणालीने कारखान्यातले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने कह्यात घेतले. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला असल्या फौजेने जो हल्ला केला, त्याने अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्या यंत्रांच्या मालकांना आपली डबी फितूर झाल्याची कल्पनाही नव्हती. तेव्हापासून राउटर घेताना मी दुकानदाराला वेगाआधी एकच प्रश्न विचारतो: याची दुरुस्ती किती सालापर्यंत येत राहणार? बहुतेक दुकानदार माझ्याकडे असे पाहतात की जणू मी भाजीवाल्याला कोथिंबिरीची जन्मतारीख विचारली. मग मी घरी येऊन ती तारीख शोधतो, आणि सापडली नाही तर ती पेटी घेत नाही.

माझी एक छोटी वही आहे. तिच्यात मी नव्या गोष्टी लिहीत नाही. मला पक्क्या ठाऊक असलेल्या गोष्टी लिहितो, आणि समोर त्या मी कोणत्या साली शिकलो ते लिहितो. ‘केबल: १९९८.’ ‘वाय-फायचा पासवर्ड: २००६.’ ‘फायबरची जोडणी: २०१७.’ एखादी बातमी वाचली की ती वहीतल्या कोणत्या ओळीला धक्का देते, ते पाहतो. दर दिवाळीला सर्वांत जुनी ओळ काढून तिच्याबद्दल चार दिवस वाचतो. गेल्या दिवाळीला पासवर्डची पाळी होती, आणि माझ्या स्वतःच्या घरचा राउटर मी २००६ सालच्या समजुतीवर चालवीत होतो असे निघाले.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आवरतो. आमच्या आवारात आता तांब्याची केबल आहे, आणि फाटकापाशी तिला मी तारीख घातलेली चिठ्ठी बांधली आहे. जुन्या केबलचा एक तुकडा आणि नवीचा एक, असे दोन तुकडे येथे टेबलावर ठेवले आहेत. कोणता कोणता ते मुद्दामच लिहिलेले नाही. ज्यांना खरवडून पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे. चाकू मात्र एकच आणला आहे, तेव्हा कृपा करून रांगेने या.