पाण्याची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी गोड बोलावे अशी रीत आहे. मला मात्र आज गटाराविषयी चार शब्द बोलायचे आहेत, त्याबद्दल क्षमा असावी.

26 जुलै 2005 हा दिवस आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते. दुपारी पाणी उंबरठ्याशी आले आणि दिवेलागणीला शेगडी बुडाली. सासूबाईंनी मला माळ्यावर चढवले आणि स्वतः रात्रभर कमरेइतक्या पाण्यात शिडी धरून उभ्या राहिल्या.

पाणी ओसरल्यावर आम्ही दारापुढच्या गटाराची जाळी उपसली. दुधाच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या, निर्माल्याची पुडकी, काय काय निघाले! त्यातल्या एका पुडक्याला माझ्याच हातची गाठ होती. हे मी सासूबाईंनाही कधी सांगितले नाही, आज तुम्हांला सांगते आहे.

मोरीच्या जाळीत भात अडकला म्हणजे काय होते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. शहराचेही तसेच आहे. मुंबईची जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली, आणि तीही ओहोटी धरून. ही ताकद दुप्पट करावी असे 1993 सालच्या अहवालात सांगितले होते, पण कामाला खरा जोर आला तो 2005 च्या पुरानंतर. जवळच्या इर्ला नाल्यावर पंप बसले. भरती चढली की दारे लावायची आणि आतले पाणी उपसून समुद्रात सोडायचे, असे ते काम. परंतु पाणी पंपापर्यंत पोहोचले तरच पंपाचा उपयोग ना?

आपल्या वर्सोव्याला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. ओशिवरा नदी आणि मोगरा नाला याच खाडीला मिळतात. भरती असली की खाडीच पाणी घेत नाही. कोळीवाड्यातल्या माझ्या शेजारणीने मला एक सोपा हिशेब शिकवला आहे. तिथीचा आकडा पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुनव-अवसेच्या आसपास उधाण मोठे असते. त्या वेळी जोराचा पाऊस लागला तर मुलांना बाहेर धाडू नये आणि धान्य व कागदपत्रे वर ठेवावीत. ती असेही म्हणते की, खाडीकाठची तिवरे लाटेचा जोर मोडतात. त्यांच्यात भराव पडला की पाण्याची जागा गेली, आणि ते पाणी मग आपल्या घरात जागा शोधते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. निर्माल्य नाल्यात न टाकता मंडळाच्या अंगणात खड्डा करून त्याचे खत करावे. रोहिणी नक्षत्र लागले की प्रत्येकीने आपल्या दारची जाळी पाहावी, आणि गाळ काढून काठावरच टाकलेला दिसला तर चौघींनी मिळून वॉर्डात अर्ज द्यावा. आणि पावसाळाभर भरतीची वेळ मंडळाच्या फळ्यावर रोज लिहावी. फळ्याचे काम मी घेते.

त्या रात्री शिडी धरणाऱ्या सासूबाई आज नाहीत. माळ्यावर माझ्या पोटात होती ती मुलगी आज कॉलेजात जाते. तिच्यावर शिडी धरण्याची वेळ येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.