शाळेची पक्षी-नोंदवही

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली म्हणजे आपल्या शाळांच्या भोवतालचे पक्षिजीवन पालटू लागते. ओढ्याकाठी धोबी शेपूट हालवीत फिरू लागतो, ज्वारीच्या शेतावर भोरड्यांचे थवे उतरतात, पाझर तलावावर चक्रवाकाच्या जोड्या दिसू लागतात. ह्याच सुमारास, ५ ते १२ नोव्हेंबर ह्या काळात, आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा कै. मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा कै. डॉ. सलीम अली ह्यांचा. २०२० सालापासून शासनाने हा सप्ताह ठरविला आहे. आपण फलक लिहितो, निबंध घेतो, प्रभातफेरी काढतो. हे सारे योग्यच आहे. परंतु सप्ताह संपल्यावर मुलांच्या हाती काय उरते, हा प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवणार आहे.

माझे उत्तर थोडक्यात असे आहे : प्रत्येक शाळेत एक पक्षी-नोंदवही असावी आणि तीत फक्त खरे तेच लिहिले जावे. पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरी वाटते तितकी सोपी नाही. हिवाळ्यात पक्षीनिरीक्षकांमध्ये बातम्या वेगाने फिरतात. अमुक तळ्यावर अमुक दुर्मीळ पक्षी उतरला, तमुक नाल्यात तमुक दिसला, असे भ्रमणध्वनीवरून घटकेत सर्वांना कळते. अशा बातमीचे मोल किती, हे ती कोणी सांगितली यावरून ठरत नाही. ती कशी पाहिली आणि कशी टिपली यावरून ठरते. ह्याचा जगाला मिळालेला एक मोठा धडा आपल्याच सातपुड्यात घडलेला आहे. तो प्रत्येक गुरुजींना व बाईंना ठाऊक असला पाहिजे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. १८७२ साली ब्लुइट ह्या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडातील बसना भागात त्याचा पहिला नमुना मिळविला आणि ए. ओ. ह्यूम ह्यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी पश्चिम खानदेशात असताना त्यांनी आपल्या ह्याच भागातून ह्या पक्ष्याचे आणखी नमुने गोळा केले. त्या काळी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे त्याला मारून, कातडे भरून, चिठ्ठी बांधून ठेवणे अशीच रीत होती. जगातील साऱ्या संग्रहालयांत मिळून ह्या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते. १८८४ सालानंतर मात्र रानपिंगळा कोणाच्या दृष्टीस पडल्याची विश्वसनीय नोंद उरली नाही.

असे असता एक नमुना मात्र नंतरच्या काळातील म्हणून दाखविला जात होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी. पक्षिशास्त्रात त्यांचे नाव मोठे, संग्रह विशाल. त्यांच्या संग्रहातील एका रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतील तापीकाठचे मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. एवढ्या मोठ्या माणसाची नोंद. तिच्यावर कोण शंका घेणार? ह्या पक्ष्याच्या शोधास निघालेल्यांनी त्या चिठ्ठीवर भिस्त ठेवली. पक्षी सापडला नाही. तो नामशेष झाला असावा, असे मत बळावत गेले.

पुढे अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन ह्यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तेव्हा असे आढळले की, तो माइनर्ट्झहागेन ह्यांनी मिळविलेलाच नव्हता. ब्रिटिश संग्रहालयात असलेला डेव्हिडसन ह्यांचा जुना नमुना चोरून, उसवून, पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी बांधण्यात आली होती. चिठ्ठी बदलली, तरी कातडे भरण्याची डेव्हिडसन ह्यांची विशिष्ट पद्धत त्या नमुन्यात शिल्लक राहिली होती. रासमुसेन व नायजेल कॉलर ह्यांनी १९९९ साली हे सारे पुराव्यानिशी प्रसिद्ध केले.

ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ सालच्या हिवाळ्यात खऱ्या जुन्या नोंदींच्या मागाने निघाले. आधी पूर्वेकडील ठिकाणे धुंडाळली. तेथे यश आले नाही. मग ते डेव्हिडसन ह्यांच्या मुलखात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, एका निष्पर्ण फांदीवर रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! आपला जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो पुढच्या वर्षी. ह्यानंतर हा पक्षी तोरणमाळ, तळोदा, यावल, मेळघाट अशा ठिकाणी आढळला. २०१४ साली तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

आता ह्यातील बोध पाहा. डेव्हिडसन ह्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोठे व केव्हा हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, म्हणून पक्षी पुन्हा सापडला. दुसऱ्या एका नामांकित माणसाने खोटे लिहिले, म्हणून शोध भलत्या दिशेस गेला. आणि जितकी वर्षे पक्षी नाहीच असे मानले गेले, तितकी वर्षे त्याच्या रानाकडे त्याचे घर म्हणून कोणी पाहिले नाही. जो पक्षी नाही, त्याचे जंगल राखा असे कोण म्हणणार?

बंधुभगिनींनो, नोंदीचे महत्त्व शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. जनरल रजिस्टरात जन्मतारीख चुकीची पडली, तर ते मूल म्हातारे होईपर्यंत ती चूक त्याच्या मागे फिरते. म्हणून आपण तेथे खाडाखोड करीत नाही आणि अंदाजाने काही भरीत नाही. तीच शिस्त पक्षी-नोंदवहीला लावावयाची आहे. ह्यासाठी खर्च काहीच नाही. शंभर पानांची एक वही पुरे. तीत सहा रकाने आखावेत : तारीख व वेळ, जागा, पाहणाऱ्याचे नाव, संख्या, काय दिसले त्याचे वर्णन, आणि शेवटी पक्ष्याचे नाव. नावाचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला आहे. मूल आधी नाव उच्चारते आणि मग त्या नावाला शोभेल असे वर्णन करते. मोठी माणसेही हेच करतात. तेव्हा आधी रंग, आकार, चोच, शेपूट, बसण्याची ढब, आवाज हे लिहावे, आणि मगच नाव.

नावापुढे तीनपैकी एक शब्द लिहावा : ‘खात्रीने’, ‘बहुधा’ किंवा ‘ओळख पटली नाही’. ‘ओळख पटली नाही’ असे लिहिणाऱ्या मुलाला आपण शाबासकी दिली पाहिजे. आपल्या वर्गांत ‘मला येत नाही’ म्हणणे हा कमीपणा समजला जातो. ह्या वहीत तो प्रामाणिकपणा ठरावा. चूक ध्यानात आली, तर एकच आडवी रेघ मारून खाली दुरुस्ती लिहावी. आधीचे पुसून टाकू नये. तसेच, तळ्यावर गेलो आणि एकही पक्षी नव्हता, हीसुद्धा नोंद आहे. पाच हिवाळ्यांनंतर तीच नोंद बोलकी ठरते.

दुसरी सूचना अशी की, दुर्मिळाचा हव्यास धरू नये. आधी नेहमीचे पक्षी पक्के करावेत. गावच्या वडाच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा मुलाने नीट पाहिला असेल, तरच रानपिंगळा वेगळा हे त्याला कळेल. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. त्याच्या छातीचा वरचा भाग गडद तपकिरी, पोट पांढरे आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात. तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी दोन्ही बाजूंना झटक्याने हालवितो. साग पानगळीला आला म्हणजे तो दिसणे सुलभ होते.

आपल्या भागातील कित्येक मुलांना हे सारे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. गुरे राखणाऱ्या भिल्ल व पावरा मुलांना कोणत्या झाडाला ढोली आहे, कोणता पक्षी केव्हा ओरडतो, हे आपल्यापेक्षा चांगले कळते. त्यांच्या बोलीतील पक्ष्याचे नाव वहीत अवश्य लिहावे आणि शेजारी मराठी नाव द्यावे. वर्गात मागे बसणारा मुलगा ह्या एका तासाला पुढे येऊन बसतो, हे मी शाळा तपासणीच्या निमित्ताने अनेक ठिकाणी पाहिले आहे.

तिसरी गोष्ट नोंदींच्या देवाणघेवाणीची. एका शाळेची वही एकटी असेल तर ती कुतूहलाची वस्तू आहे. दहा शाळांच्या वह्या एकत्र आल्या तर ते ज्ञान होते. केंद्राच्या मासिक बैठकीत प्रत्येक शाळेने हिवाळ्याच्या महिन्यांत आपल्या नोंदी वाचून दाखवाव्यात. १९८७ सालापासून दर जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्या पाझर तलावावरील मोजणी तीत जाऊ शकते. पक्ष्याच्या पायात कडे किंवा मानेभोवती क्रमांकाची पट्टी दिसली, तर तो क्रमांक व पट्टीचा रंग जपून टिपावा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने घातलेल्या कड्यांवर संस्थेला कळविण्याची विनंती कोरलेली असते. मंगोलियात गळ्यात पट्टी बांधलेले पट्टकदंब हंस भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्याची वाट एका खेड्यातील मुलाच्या अक्षराने उजळू शकते, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु सांगण्यालाही मर्यादा हवी. रानपिंगळ्याचा विणीचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत असतो. म्हणजे हिवाळ्यात तो दिसतो तेव्हा त्याचे घरटेही जवळपास असू शकते. झाडाचा ठावठिकाणा सर्वांना कळला की छायाचित्रे घेणाऱ्यांची झुंबड उडते. काही जण ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला भुलवितात. आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडणारेही असतात. कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण आहे, तरीही! म्हणून पक्षी दिसला हे सांगावे, तालुका सांगावा, तारीख सांगावी. घरट्याचे झाड मात्र वनरक्षकांशिवाय कोणालाही सांगू नये. नोंदवहीत जागा पूर्ण लिहावी आणि वही कपाटात ठेवावी. खरे बोलणे आणि सारे बोलणे ह्यांत अंतर आहे, हेही मुलांना ह्यातून शिकविता येईल.

पिंगळा ओरडला की अशुभ, असे घरी ऐकून आलेली मुले आपल्या वर्गात असतात. त्यांच्या आजीआजोबांची थट्टा करू नये. ‘पिंगळा आठवडाभर पाहा, तो काय खातो ते लिही’ एवढेच सांगावे. तो उंदीर, सरडे, किडे खातो हे मूल स्वतः लिहील, तेव्हा त्याच्या हातातील गलोल आपोआप खाली येईल.

शेवटी एक विनंती. दुर्मीळ पक्षी पाहणाऱ्याला बक्षीस, अशी स्पर्धा शाळेत कधीही लावू नये. बक्षीस दुर्मिळाला दिले की मुले दुर्मीळच पाहू लागतील. मग पक्षी असो वा नसो. ज्याच्या संग्रहाचा जगात बोलबाला होता, त्या माणसालाही हाच मोह पडला. मग आठ वर्षांच्या पोराचे काय? बक्षीस द्यावयाचेच असेल, तर ज्याची नोंद दुसऱ्याने वाचून त्या जागी जावे आणि जसे लिहिले तसेच आढळावे, त्याला द्यावे; मग तो पक्षी साधी साळुंकी का असेना.

रानपिंगळा आपल्या डोंगरात आजही आहे. २०१८ साली जागतिक यादीत त्याची श्रेणी अतिसंकटग्रस्तावरून संकटग्रस्त अशी बदलली, कारण तो पूर्वी वाटला त्यापेक्षा अधिक ठिकाणी आढळला. हे लोकांनी पाहिले, टिपले आणि खरे सांगितले म्हणूनच कळले. तथापि तो ज्या सागाच्या रानात राहतो, ते रान दरवर्षी आक्रसत आहे. त्याच्या बाजूने साक्ष देण्यास उद्या कोणी तरी हवे. आणि ती साक्ष आपल्या शाळांच्या वह्यांतून निघावी, अशी माझी इच्छा आहे. येत्या सोमवारी वही आखा, पहिली ओळ मुलांकडून लिहवून घ्या, आणि पुढील केंद्र बैठकीस ती सोबत आणा.