दीर्घ रजेचा हिशेब



मुंबईहून कर्जतकडे जातांना बदलापूरच्या पुढें वांगणी नांवाचें स्टेशन लागतें. मुंबईपासून अंतर सुमारें ८० किलोमीटर. शहरांतील जागांचे भाव परवडत नाहींत म्हणून पुष्कळ नोकरदार कुटुंबांनीं आपलीं बिऱ्हाडें ह्या बाजूस हलविलीं आहेत. त्यांतील एखादा गृहस्थ फोर्टांतल्या बँकेंत अधिकारी आहे असें समजा. जाऊन-येऊन दररोज १६० किलोमीटर. कामाचे दिवस वर्षाचे २५० धरले तर बेरीज ४०,००० किलोमीटर होते. पृथ्वीचा विषुववृत्तावरील परीघ ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे हा गृहस्थ दरसाल जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणा करतो. आणि पाहतो काय, तर पुढच्या उतारूची पाठ!

अशा माणसाच्या मनांत चाळिशीच्या सुमारास एक विचार डोकावूं लागतो: सहा महिने, वर्षभर हें सारें बाजूस ठेवावें आणि देश पाहावा. पैशाच्या व्यवहारांत वावरणारांना हा विचार इतरांहून अधिक छळतो, असा माझा समज आहे. महिनाअखेर, तिमाहीअखेर, मग मार्चअखेर. एक ताळेबंद मिटतो तों दुसरा उघडतो. सुतारानें केलेली खुर्ची डोळ्यांना दिसते. हिशेबनिसाच्या श्रमाचें फळ आंकड्यांतच राहतें. हा विचार पळपुटेपणाचा आहे काय, आणि नसल्यास तो अंमलांत कसा आणावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

पहिली अडचण मनाची. ‘माझ्यावांचून कचेरीचें कसें चालेल?’ ह्या प्रश्नाचें उत्तर खुद्द रिझर्व्ह बँकेनें देऊन ठेवलें आहे. तिच्या २०२१ सालच्या आदेशाप्रमाणें जोखमीच्या जागीं काम करणाऱ्या बँक-कर्मचाऱ्यास दरसाल निदान १० कामाचे दिवस सलग रजेवर पाठवावें लागतें. तेंही पूर्वसूचना न देतां. हेतु त्याच्या विश्रांतीचा नाहीं. एकाच खुर्चीवर एकच माणूस अखंड बसला म्हणजे लबाडी झांकून राहते. दुसरा बसला कीं ती उघडी पडते. अनुपस्थिति ही एक तपासणीच होय. हाच न्याय घरासही लागू पडतो. मिळवता माणूस दीर्घकाळ दूर गेला म्हणजे संसाराचा कोणता खांब भक्कम आहे आणि कोणता केवळ त्याच्या पगाराच्या टेकूवर उभा आहे, हें कळून येतें. मात्र ही तपासणी घर कोसळून होऊं नये.

ह्या बाबतींत आपल्याकडील दोन उदाहरणें बोधप्रद आहेत. देहूचे तुकोबा घराण्यानें वाणी व महाजन. घरांत सावकारी होती. त्यांनीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिचा दुसरा भाग आपण विसरतों. परंपरा सांगते कीं, त्यांनीं आधीं खतांची वांटणी केली, निम्मीं धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हातीं दिलीं आणि केवळ आपल्या वांट्याचीं पाण्यांत टाकलीं. सोडावयाचें तें आपलें. दुसऱ्याचें सोडण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

दुसरें उदाहरण पेण तालुक्यांतील वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांचें. घरास कर्ज झालें म्हणून द्रव्य मिळविण्यास ते १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. मिळविलेलें पुष्कळसें लुटलें गेलें. परत आले ते आईबापांसाठीं गंगेचें पाणी घेऊन. पण त्या प्रवासामुळेंच १९०७ सालीं प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मराठीस लाभला. प्रवासाचा लाभ असा आधीं सांगतां येत नाहीं. म्हणूनच खर्च तरी आधीं ठरविला पाहिजे.

तो असा मांडावा. घरखर्च दरमहा ४०,००० रुपये आणि घरकर्जाचा हप्ता २०,००० रुपये आहे असें समजा. वर्षभर बाहेर राहावयाचें, तर हिशेब बारा महिन्यांचा न करतां अठरा महिन्यांचा करावा, कारण परतल्यावर नवी नोकरी त्याच दिवशीं मिळत नाहीं. ही रक्कम १०,८०,००० रुपये होते. ती निराळी ठेवावी आणि प्रवासाचा खर्च तिच्याबाहेरून करावा. नोकरीबरोबर मालकानें दिलेलें सामुदायिक आरोग्यविम्याचें छत्रही सामान्यतः जातें. स्वतःचा विमा आधींच उतरवावा. राजीनाम्यापूर्वीं बिनपगारी रजा लेखी मागून पाहावी. नकार मिळाला तरी मागण्यास पैसा पडत नाहीं.

ह्याहून मोठी बाब संमतीची आहे. पति बाहेर असतां मुलांची शाळा, सासूबाईंचीं औषधें, बिघडलेला नळ, हें सारें पत्नीच्या अंगावर येतें. तीही नोकरी करीत असेल तर तिच्याच पगारावर त्याचें देशाटन चालतें. तिला आंकडे दाखवावे, आणि पुढील रजा तिची असेल हें त्याच बैठकींत ठरवावें. असें न करणाऱ्यानें कान्होबाचीं खतें न विचारतां नदींत टाकलीं, असेंच म्हणावें लागेल.

मग जावें कोठें? मी म्हणेन, जेथें वेग उपयोगी पडत नाहीं तेथें. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब आहे. तिची पायीं परिक्रमा रूढीप्रमाणें ३ वर्षें, ३ महिने आणि १३ दिवसांची. तीच गाडींतून दोन-तीन आठवड्यांत उरकणारेही आहेत. त्यांनीं मार्चअखेर बरोबर नेली असें समजावें. सारी परिक्रमा झाली नाहीं तरी कांहीं महिने नदीकांठानें चालावें आणि अंतर कोणास कळवूं नये.

ही गरज किती खरी आहे हें पाहावयाचें असेल तर दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबईचें खगोल मंडळ अनेक वर्षें वांगणीस रात्रभराचीं आकाशदर्शनें भरवीत आलें आहे. शहरांतील माणसें तारे पाहण्यास मुद्दाम ज्या गांवीं जातात, त्याच गांवचा आमचा अधिकारी रात्रीं स्टेशनांतून मान खालीं घालून घरीं येतो. डोक्यावरचें आकाश दिसेनासें झालें कीं रजेचा अर्ज लिहिण्याची वेळ आली असें समजावें. आणि अर्जाआधीं वर सांगितलेला हिशेब.

माझाही वेळ संपला. आपली रजा घेतों.